बयाण्याआधी कागद वाचा
प्लॉट आणि गाळा घेणाऱ्या व्यापारी-कारागिरांसाठी

धान विकले गेले, लग्नसराई उरकली, बाजारात दोन पैसे फिरू लागले की भंडारा जिल्ह्यात जमिनीच्या सौद्यांना जोर चढतो. पितळेच्या भांड्यांचा कारागीर असो, राईस मिलला बारदाना पुरवणारा असो, मोटारसायकल दुरुस्त करणारा मिस्त्री असो की किराणा दुकानदार, आपल्याकडे प्रत्येकाची शिल्लक शेवटी जमिनीकडेच वळते. त्याला कारणेही आहेत. सोने मुलीच्या लग्नात जाते. बँकेच्या ठेवीवरचे व्याज अनेकांना नको असते. शेअरबाजार कळत नाही. जमीन मात्र डोळ्यांना दिसते, पायाखाली लागते.

नेमकी इथेच गफलत होते. दिसते ती माती, आणि आपण विकत घेतो तो त्या मातीवरचा हक्क. हक्क डोळ्यांना दिसत नाही, तो कागदात असतो. दलाल ग्राहकाला जागेवर नेतो, चार कोपऱ्यांचे दगड दाखवतो, रस्ता कुठून जाणार ते बोटाने दाखवतो, आणि तिथेच बयाणा मागतो. दुकानात दहा हजारांचा माल भरताना बिल दोनदा तपासणारा आपला व्यापारी आठ लाखांच्या प्लॉटचा सातबारा एकदाही पूर्ण वाचत नाही. या लेखात कायद्याची सगळी कलमे मांडायची नाहीत. कोणता कागद काय सांगतो, आणि त्यावरचे कोणते शब्द व कोणते आकडे पैसे बुडवतात, एवढेच पाहायचे आहे.

एका शब्दाची किंमत

सुरुवात आपल्याच जिल्ह्याला लागू असलेल्या निकालापासून करू. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'झुडपी जंगल' जमिनींचा निकाल दिला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील ८६ हजार ४०९ हेक्टर जमिनीचा तो प्रश्न होता. हे जिल्हे १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होते. तिथल्या महसुली नोंदींत ज्या पडीत जमिनीवर झुडपे उगवतात, गावची गुरे चरतात, तिच्यापुढे 'झुडपी जंगल' असे लिहिण्याची रीत होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे जिल्हे मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्र झाला, पण नोंदीतला शब्द तसाच राहिला. पुढे अशा जमिनींवर घरे झाली, शाळा झाल्या, सरकारी कार्यालयेसुद्धा उभी राहिली.

न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या आपल्याच जुन्या आदेशाला धरून या जमिनी वनजमिनी ठरवल्या. त्या तारखेपर्यंत सक्षम अधिकाऱ्याने ज्या जमिनी वाटल्या, त्यांच्यापुरती वाट ठेवली: राज्याने १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी मागावी. त्यानंतर वाटलेल्या जमिनींसाठी अट आणखी कडक आहे. कायदा मोडून वाटप करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई झाल्याची खात्री करूनच केंद्राने त्या प्रस्तावाचा विचार करायचा.

आता यातून व्यापाऱ्याने काय घ्यायचे? घर वीस वर्षे उभे आहे, घरटॅक्सची पावती आहे, विजेचे मीटर आहे, नळ आहे, तरीही जमीन आपली नसू शकते. ग्रामपंचायतीची किंवा नगर परिषदेची करपावती म्हणजे मालकी नव्हे. ती एवढेच सांगते की या घराचा कर या माणसाने भरला. 'सगळी वस्ती तशीच आहे, तुम्हाला एकट्याला कोण उठवणार?' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. कदाचित कुणी उठवणारही नाही. पण अशा जागेवर बँक तारण घेत नाही, नगर परिषद नकाशा मंजूर करत नाही, आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक निम्म्या भावाने मागते. गुंतवणूक म्हणून घेतलेली वस्तू विकता येत नसेल तर तिला गुंतवणूक कसे म्हणायचे?

सातबारा कसा वाचावा

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये हक्क असतात, बारामध्ये पिके. प्लॉट घेणाऱ्याची नजर फक्त मालकाच्या नावावर जाते. नावाच्या आधी 'भूधारणा पद्धती' हा रकाना पाहा. तिथे भोगवटादार वर्ग १ असेल तर धारकाला जमीन विकण्याचा सर्वसाधारण अधिकार आहे. वर्ग २ असेल तर थांबा. त्या जमिनीच्या हस्तांतरावर सरकारी बंधन आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय, बहुतेक वेळा नजराणा भरल्याशिवाय, ती विकता येत नाही. भूमिहीनांना वाटलेल्या, कमाल जमीनधारणा कायद्यात सरकारजमा होऊन पुन्हा वाटलेल्या, भूदानात मिळालेल्या जमिनींवर अशी बंधने असतात. 'परवानगी मागाहून काढून देतो' असे विक्रेता म्हणतो. परवानगी आधी, पैसे नंतर, हाच क्रम ठेवा.

मग 'इतर हक्क' हा रकाना पाहा. आपले लोक हा रकाना सोडून देतात, आणि खरी माहिती तिथेच असते. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीचा हिस्सा, भूसंपादनाची नोंद, न्यायालयाचा मनाई हुकूम, आदिवासी खातेदाराची नोंद, सगळे तिथे येते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे पूर्वपरवानगी लागते. तिच्याशिवाय झालेला व्यवहार अनेक वर्षांनीही उलटू शकतो.

क्षेत्राच्या आकड्यातही फसगत होते. सातबारावर ०.४० लिहिले असेल तर ते ४० आर, म्हणजे एकराला थोडे कमी. एक आर म्हणजे साधारण १,०७६ चौरस फूट, एक गुंठा १,०८९ आणि एक डिसमिल सुमारे ४३५ चौरस फूट. बोली डिसमिलमध्ये, कागद आरमध्ये आणि भाव चौरस फुटात, अशी खिचडी झाली की दलालाचे फावते. पोटखराब क्षेत्र वेगळे दाखवलेले असते तेही बघावे.

शहरातली जागा असेल तर सातबाराऐवजी आखीव पत्रिका मागा. भंडारा, तुमसर, पवनीसारख्या गावांत जुन्या बाजाराच्या भागात आखीव पत्रिकेवर 'नझूल' हा शब्द दिसला तर तो प्लॉट सरकारचा असून धारकाकडे पट्ट्याने आहे, असे समजावे. पट्टा किती सालापर्यंत आहे, नूतनीकरण झाले का, हस्तांतराला परवानगी आहे का, शर्तभंगाची नोटीस आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. असेच नगर परिषदेच्या गाळ्याचे. तो गाळा 'विकत घेतला' असे लोक बोलतात, पण विकला जातो तो फार तर भाडेपट्टा, आणि तोही परिषदेची मान्यता असेल तरच. वक्फच्या मिळकतीबद्दल तर आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मुतवल्लीने लिहून दिलेल्या विक्रीपत्राला काही अर्थ नाही, हे २०१३ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातच स्पष्ट आहे.

आणि एक गोष्ट विसरू नका. सातबारा हा मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. ती महसुलाची नोंद आहे. ती उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच. मालकी कुठून आली हे फेरफारावरून आणि जुन्या विक्रीपत्रांवरून कळते. म्हणून मागच्या तीस वर्षांचे फेरफार पटवाऱ्याकडून काढावेत आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तेवढ्याच वर्षांचा शोध वकिलाकरवी घ्यावा. या कामाला काही हजार रुपये लागतात. आठ लाखांच्या सौद्यात तो खर्च जड वाटू नये.

धानाच्या बांधीतला ले-आऊट

महामार्गाच्या कडेला धानाच्या बांधीत चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेले दिसतात. इथे तीन वेगवेगळे कायदे एकाच जागी येतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिला प्रश्न घेणाऱ्याचाच. विदर्भाला १९५८ चा वेगळा कुळवहिवाट कायदा लागू आहे. त्याच्या कलम ८९ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आपल्यातील कितीतरी कारागीर पिढ्यान्पिढ्या कारागीरच आहेत, त्यांच्या नावावर कुठेही सातबारा नाही. त्यांनी 'सध्या शेतीच आहे, एनए नंतर होईल' अशी जमीन घेतली तर व्यवहार मुळातच अडचणीत येतो. मग दलाल सुचवतो की एखाद्या शेतकरी मित्राच्या नावे घेऊ. असे करू नये. जमीन त्याच्या नावावर, पैसे आपले, आणि उद्या त्याचे वारस दारात. शिवाय बेनामी व्यवहाराचा कायदा वेगळाच.

दुसरा प्रश्न तुकड्याचा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकता येत नाही. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने हे क्षेत्र जिरायत जमिनीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे झाले. २०२५ च्या अखेरीस राज्य सरकारने शहरी भागातील व विकास आराखड्यात बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या क्षेत्रातील जुने तुकडे नियमित करण्याची वाट मोकळी केली. त्याचा अर्थ दलाल मंडळी 'आता सगळे गुंठे कायदेशीर झाले' असा लावतात. तसे नाही. तुकडा नियमित होणे म्हणजे तिथे रस्ता, नाली, खुली जागा मंजूर होणे नव्हे, आणि विकणाऱ्याची मालकी निर्दोष ठरणेही नव्हे. आपला तुकडा त्या सवलतीत बसतो का, हे तहसील कार्यालयात सर्व्हे नंबर सांगून विचारावे.

तिसरा कायदा महारेराचा. २०१६ चा केंद्रीय कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. तो फक्त नागपूर-पुण्याच्या फ्लॅटना लागू आहे असा समज आहे. तो चुकीचा आहे. जमिनीचे प्लॉट पाडून विकणे हासुद्धा त्यात 'प्रकल्प' आहे. नियोजन क्षेत्रात जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल आणि सदनिका असल्यास त्या आठांहून अधिक असतील, तर नोंदणीशिवाय जाहिरात करता येत नाही आणि बुकिंग घेता येत नाही. नोंदणी क्रमांक मिळाला की महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचा मंजूर नकाशा, जमिनीवरचे कर्ज, चालू खटले आणि पूर्ण करण्याची तारीख, सगळे मोफत पाहता येते. मुलाच्या मोबाइलवर दहा मिनिटांचे काम आहे.

बांधीत पावसाळ्यात पाणी का साचते, हा प्रश्न शेतकऱ्याला पडत नाही, कारण बांधी पाणी साचण्यासाठीच असते. प्लॉट घेणाऱ्याला मात्र तो पडायला हवा. माजी मालगुजारी तलावांच्या पोटात आणि नाल्याच्या काठाने पाडलेले ले-आऊट पावसाळ्यातच पाहावेत. वैनगंगेच्या काठी तर पूररेषा विचारल्याशिवाय बोलूच नये. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून पाणी सोडल्यावर भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले होते, हे कुणी विसरलेले नाही. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटी असतात. स्वस्त प्लॉट स्वस्त का आहे याचे उत्तर पुष्कळदा त्या नकाशात सापडते.

सौदाचिठ्ठीत काय हवे

बयाणा दिला, सौदाचिठ्ठी झाली, म्हणजे जमीन आपली झाली असे वाटते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ स्पष्ट सांगते की विक्रीचा करार केवळ करार आहे, त्याने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. हक्क येतो तो नोंदणीकृत विक्रीपत्राने. मुखत्यारपत्र आणि सौदाचिठ्ठी यांच्या जोरावर चालणाऱ्या विक्रीला मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प प्रकरणात ठणकावून सांगितले. ताबा घेऊन केलेला करार असेल तर तो २००१ पासून नोंदवावाच लागतो, नाहीतर ताब्याचे संरक्षण मिळत नाही.

सौदाचिठ्ठीत सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर, चारही दिशांच्या सीमा आणि क्षेत्र तर हवेच. पण खरा वाद होतो तो मुदतीवर आणि अटींवर. 'एनए झाल्यावर विक्रीपत्र करून देईन' हे वाक्य फार धोक्याचे आहे, कारण एनए कधी होणार ते त्यात नाही. तारीख लिहा. त्या तारखेपर्यंत परवानगी मिळाली नाही तर बयाणा किती दिवसांत परत, हेही लिहा. विक्रीपत्रासाठी कोर्टात जायची मुदत ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षे असते. तारीख गेली आणि आपण भिडेखातर गप्प बसलो तर तीही हातची जाते. महारेराखालचा प्रकल्प असेल तर करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. पहिलाच हप्ता २५ टक्के मागत असेल तर पुढचे बोलणे तिथेच थांबवावे.

पैसे रोख देऊ नयेत. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होतो. देणाऱ्याचे नुकसान निराळे आहे. तक्रारीच्या वेळी हातात पुरावा उरत नाही. 'कागदावर चार लाख, खाली चार लाख' या पद्धतीत कायद्याने आपण चारच लाख दिले असे ठरते. सौदा फिसकटला तर परत मागायचेही चारच लाख. शिवाय कागदावरची किंमत सरकारी रेडी रेकनरच्या दरापेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली गेली, तर तो फरक काही अटींवर घेणाऱ्याचेच उत्पन्न धरला जातो.

कागदात जमीनच नसेल तर काय होते, याचे देशातले सर्वात मोठे उदाहरण पर्ल्सचे, म्हणजे पीएसीएल कंपनीचे आहे. एजंट गावोगाव जाऊन हप्त्याहप्त्याने शेतजमिनीचा प्लॉट विकत. महाराष्ट्रातही त्यांचे जाळे होते. ग्राहकाच्या हातात पावती होती, मुदत होती, मुदतीनंतरची अंदाजी किंमत होती. आपल्या नावाचा सातबारा आणि विक्रीपत्र मात्र बहुतेकांच्या हातात नव्हते. सेबीने २२ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात ही जमीनविक्री नसून सामूहिक गुंतवणूक योजना आहे असे ठरवले आणि ४९ हजार १०० कोटी रुपये परत करण्यास सांगितले. गुंतवणूकदार होते ५ कोटी ८५ लाख. पुढे २ फेब्रुवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली जमिनी विकून पैसे परत करण्यासाठी समिती नेमली. हा कारभार ओळखायला फार मोठी विद्या लागत नव्हती. 'माझ्या प्लॉटचा सर्व्हे नंबर कोणता?' एवढा प्रश्न पुरेसा होता.

विकणारा एकटाच मालक आहे का?

आपसांत व्यवहार करताना आपण इथे सर्वात जास्त ढिले असतो. मोठा भाऊ घर चालवतो, कर भरतो, म्हणून घर त्याचेच असे सर्वजण धरून चालतात. मुस्लिम कायद्यात एकत्र कुटुंबाचा कर्ता नावाचा प्रकार नाही. बापाच्या मृत्यूबरोबर प्रत्येक वारसाचा हिस्सा वेगळा ठरतो आणि प्रत्येकजण फक्त आपलाच हिस्सा विकू शकतो.

हिशेब करून पाहा. बाप वारला, मागे बेवा, दोन मुलगे, एक मुलगी. कर्ज आणि वसियत फेडून राहिलेल्या मिळकतीचे हनफी पद्धतीने ४० भाग केले तर बेवेला ५ (म्हणजे आठवा हिस्सा), प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७. मोठ्या भावाने एकट्याने आठ लाखांना घर विकले तर घेणाऱ्याला कायद्याने मिळाले ४० पैकी १४ भाग, म्हणजे २ लाख ८० हजारांचा माल. उरलेले ५ लाख २० हजार हवेत. बहीण बालाघाटला की रायपूरला दिली आहे, तिला काही नको, असे सांगतात. नको असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे, किंवा विक्रीपत्रावर सही करावी. फेरफारात बहिणीचे नाव नसणे म्हणजे तिचा हिस्सा नसणे नव्हे.

वारसांत अज्ञान मूल असेल तर अधिक काळजी हवी. आई मुलाची सांभाळकर्ती असली तरी त्याच्या स्थावर मालमत्तेची ती आपोआप कायदेशीर पालक होत नाही. कोर्टाने पालक नेमून परवानगी दिल्याशिवाय तिने केलेली मुलाच्या हिश्शाची विक्री टिकत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९१८ साली इमामबांदी प्रकरणात हेच ठरवले आणि ते आजही धरले जाते.

तोंडी हिब्याचेही तसेच. जाहीर करणे, स्वीकारणे आणि ताबा देणे या तीन गोष्टी झाल्या तर तोंडी हिबा वैध आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने हफीजा बीबी प्रकरणात तो पुन्हा मान्य केला. पण तिसऱ्या माणसाला विकत घ्यायचे तर त्या तीन गोष्टी झाल्या होत्या हे सांगणारे साक्षीदार वीस वर्षांनी कुठून आणायचे? पती-पत्नी, मुले, नातवंडे यांना राहते घर बक्षीस देण्याचे मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात नाममात्र आहे. मग हिबा केला असेल तर तो नोंदणीने कागदावर आणण्यात कंजुषी कशासाठी?

आता आकडे

'दहा वर्षांत दुप्पट' हे जमिनीच्या बाजारातले आवडते वाक्य. ७२ ला वर्षांनी भागले की दुप्पट होण्याचा वार्षिक दर अंदाजे निघतो. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे साधारण सव्वासात टक्के. यातून खर्च वजा करा. समजा ५ लाखांचा प्लॉट, मुद्रांक, नोंदणी आणि वकील धरून पडला ५ लाख ३५ हजारांना. दहा वर्षांनी १० लाखांना विकला, २ टक्के दलाली गेली, हाती आले ९ लाख ८० हजार. वार्षिक दर सव्वासहा टक्क्यांवर आला. त्यातून नफ्यावरचा आयकर जातो. २३ जुलै २०२४ पासून दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या मालमत्तेच्या नफ्यावर तो १२.५ टक्के आहे. त्या तारखेआधी घेतलेल्या जमिनीला आणि घराला महागाईचा निर्देशांक धरून २० टक्क्यांचा जुना पर्यायही आहे. कुंपण आणि दर वर्षीची झुडपे-तोडाई धरलेलीच नाही. दुप्पट झाले हे खरे, पण आपल्या दुकानात तेच ५ लाख मालात फिरवून वर्षाला किती सुटतात, याचा हिशेब शेजारी मांडून मग ठरवावे. धंद्याचे फिरते भांडवल काढून प्लॉटमध्ये घालणारा आणि मग ईदच्या सीझनला उधारीवर माल भरणारा व्यापारी दोन्हीकडून नागवतो.

गाळ्याचा हिशेब वेगळा, कारण तिथे भाडे आहे. समजा १८ लाखांचा गाळा, भाडे महिना ७ हजार. विकणारा म्हणतो, वर्षाचे ८४ हजार, म्हणजे पावणेपाच टक्के. पण आपल्याला गाळा सर्व खर्चासह पडला साडेएकोणीस लाखांना. वर्षात एक महिना रिकामा राहिला तर भाडे ७७ हजार. मालमत्ता कर, दुरुस्ती, सामाईक खर्च १२ हजार. हाती ६५ हजार, म्हणजे ३.३ टक्के. त्या गाळ्यात आपणच बसून धंदा करणार असू तर गोष्ट निराळी, तिथे भाडे वाचते आणि जागा पक्की होते. नुसत्या भाड्यासाठी मात्र हा आकडा पुन्हा पाहावा.

फुटाचा भावही नीट विचारावा. 'सहाशे फुटांचा गाळा, तीन हजार रुपये फूट' म्हटले आणि आत फीत धरून मोजले तर चटई क्षेत्र ४२० भरले, तर खरा भाव ४,२८५ रुपये. महारेराखाली विक्री चटई क्षेत्रावरच दाखवावी लागते. जिना आणि व्हरांड्याचे फूट धरून भाव सांगणाऱ्याला करारात चटई क्षेत्र लिहायला सांगावे.

जुन्या बाजारात गाळा घेताना आत कोण बसला आहे ते पाहा. विक्रीने भाडेकरू जात नाही, तो नव्या मालकाकडे तसाच येतो. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे तिथे जुन्या भाडेकरूचे भाडे वर्षाला ४ टक्क्यांनीच वाढवता येते. दोनशे रुपये महिना देणारा भाडेकरू असलेल्या गाळ्याची किंमत रिकाम्या गाळ्याइतकी कशी असेल? भाडेकरूची मूळ पावती, पागडी दिली-घेतली असल्यास तिचा कागद, आणि त्याच्याशी चालू असलेला दावा असेल तर त्याची नक्कल, हे तिन्ही मागून घ्यावे. नवा भाडेकरू ठेवायचा तर करार लेखी आणि नोंदणीकृतच करावा. तशी जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरे धरले जाते.

विक्रीपत्र झाल्यावर नोंदीसाठी फेरफार आपोआप सुरू होतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. तो मंजूर होऊन आपल्या नावाचा सातबारा किंवा आखीव पत्रिका हातात येईपर्यंत विक्रीपत्राची मूळ प्रत, इंडेक्स दोन, बँकेचे उतारे आणि सौदाचिठ्ठी एकाच फाईलमध्ये ठेवावी, आणि ती फाईल कुठे आहे हे घरातल्या बायकामाणसांनाही माहीत असावे.